रस्ता मिळाला, आवाज मिळाला नाही: ट्रक, सीबी रेडिओ आणि डिसेंबर १९४३

१/
एका तरुण वाचकाने गेल्या आठवड्यात प्रश्न विचारला. घरचे दोन ट्रक आहेत, एक नागपूर–हैदराबाद आणि दुसरा नागपूर–रायपूर मार्गावर चालतो. अमेरिकी ट्रकचालक चित्रफितींमध्ये ज्यावर बोलताना दिसतात तो सीबी रेडिओ आणि त्याची अँटेना परवडेल अशा किमतीत कोणती घ्यावी? प्रश्न साधा, खरेदीचा. मात्र त्याचे प्रामाणिक उत्तर दुकानात मिळत नाही. त्यासाठी १९४३ पर्यंत मागे जावे लागते. म्हणून हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
माझे मत आधीच सांगून टाकतो. एकट्याने हा रेडिओ घेऊ नये. त्याचे मोल शेजारच्या गाडीतही तोच रेडिओ असण्यात आहे, आणि आपल्या महामार्गांवर शेजारच्या गाडीत तो नाही. मात्र तो तिथे असायला हवा होता, आणि अजूनही असावा, असे माझे म्हणणे आहे. तो का नाही याचे कारण तंत्रज्ञानात सापडत नाही. ते आपल्या कायद्याच्या इतिहासात आहे.

३/
प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, नागरिकांसाठी मोकळी ठेवलेली रेडिओलहरींची पट्टी. ती साधारण २७ मेगाहर्ट्झला असते. गाडीत एक छोटी पेटी, वेटोळ्या वायरीचा माइक आणि बाहेर एक उंच काठी, म्हणजे अँटेना. बटण दाबून एकाने बोलावे, त्याच चॅनेलवर असलेल्या आसपासच्या सर्वांनी ऐकावे. याला क्रमांक नाही, सिम नाही, मनोरा नाही आणि महिन्याचे बिलही नाही.

४/
मोबाइल असताना याची गरज काय, असे कोणीही विचारील. दोन्ही साधनांतला फरक नीट लक्षात घ्या. मोबाइल आपल्याला दूरच्या, ओळखीच्या माणसाशी जोडतो. सीबी रेडिओ जवळच्या, अनोळखी माणसाशी जोडतो. घरात आणि कचेरीत पहिल्याची गरज असते. रस्त्यावर मात्र आपला जीव ज्याच्या हाती असतो तो मागून येणाऱ्या गाडीतला माणूस असतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, मग क्रमांक कुठून असणार?

५/
आता नागपूर. रामदासपेठेच्या कडेने जो वर्धा रोड जातो, तो वाराणसी ते कन्याकुमारी या जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ चा भाग. आज तोच मार्ग श्रीनगर ते कन्याकुमारी या क्रमांक ४४ मध्ये सामावला आहे. कोलकात्याहून गुजरातकडे जाणारा जुना क्रमांक ६ (आताचा ५३) याच शहरात त्याला छेदतो. झिरो माइलचा दगडही इथून फार लांब नाही. उत्तर–दक्षिण आणि पूर्व–पश्चिम मालवाहतुकीची गाठ या शहरात बसते. त्यामुळे ट्रकचालकाच्या आवाजाचा प्रश्न नागपुरात बसून विचारणे योग्यच आहे.

६/
या गाठीला एक जन्मतारीखही आहे. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रिटिश प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी पुढील वीस वर्षांसाठी देशाचा रस्ते-आराखडा तयार केला. तोच ‘नागपूर प्लॅन’. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही आजही आपल्या बोलण्यात असलेली वर्गवारी तिथे पक्की झाली. उद्दिष्ट होते सुमारे ५.३ लाख किलोमीटरच्या जाळ्याचे. शेतीने समृद्ध भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असा त्यामागचा हिशेब होता.

७/
आता त्याच महिन्यात पुण्याजवळच्या येरवडा कारागृहात डोकावू. तिथे तेवीस वर्षांची एक तरुणी चार वर्षांची शिक्षा भोगत होती. तिचे नाव उषा मेहता. तिच्यावरच्या खटल्याच्या मुळाशी एक प्रक्षेपक यंत्र होते. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी सरकारच्या परवान्याविना रेडिओवरून बोलण्याचे धाडस केले होते.

८/
ते प्रकरण आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. ‘छोडो भारत’च्या हाकेनंतर २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू झाला. यंत्र एका जागी फार काळ ठेवत नसत. घरे बदलत, पोलीस मागावर असत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला आणि आवाज थांबला. विदर्भाने विसरू नये अशी एक गोष्ट म्हणजे आष्टी आणि चिमूरच्या अत्याचारांच्या बातम्या या रेडिओने दिल्या. वृत्तपत्रांची तोंडे बांधलेली असताना चंद्रपूर–वर्ध्याच्या खेड्यांतली हकीकत त्या अडीच महिन्यांत हवेतून देशभर गेली.

९/
हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. सत्ता नागपुरात देशभर रस्ते पसरवण्याचा विचार करीत होती आणि तीच सत्ता येरवड्यात बिनतारी आवाजाला कुलूप घालून बसली होती. रस्त्याने माल जातो, सैन्य जाते, महसूल येतो, म्हणून रस्ता हवा. आवाजाने काय जाईल याचा भरवसा नाही, म्हणून आवाज नको. परकीय राज्यकर्त्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच होते. कोडे सुरू होते ते १९४७ नंतर.

१०/
कायदा काय होता? १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाची मक्तेदारी सरकारकडे दिली होती. १९३३ च्या बिनतारी तार कायद्याने त्याही पुढचे पाऊल टाकले: बिनतारी यंत्र वापरणे दूरच, परवान्याविना ते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतर आपण राज्यघटना लिहिली, संस्थाने विलीन केली, भाषावार प्रांत रचले. हे दोन कायदे मात्र जागच्या जागी राहिले. २०२३ चा दूरसंचार कायदा आला तेव्हा कुठे त्यांना निरोप देण्याची तरतूद झाली.

११/
त्या काळाचा पुरावा कदाचित तुमच्या घरातल्या जुन्या पेटीतही असेल. आजोबांच्या कागदपत्रांत पोस्टाच्या शिक्क्यांचे एक छोटे पुस्तक शोधा. तो रेडिओ ऐकण्याचा परवाना. बोलण्यासाठी नव्हे, केवळ गाणी आणि बातम्या ऐकण्यासाठी दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. जिथे ऐकण्यालाही परवाना होता, तिथे ट्रकचालकाच्या हाती माइक देण्याचा विचार कोणाच्या मनात येणार?

१२/
आता थोडे अमेरिकेकडे, कारण आपल्या वाचकाने पाहिलेल्या चित्रफिती तिथल्या आहेत. दुसरे महायुद्ध संपत होते तेव्हा, म्हणजे १९४५ मध्येच, तिथल्या दळणवळण आयोगाने सामान्य नागरिकांच्या रेडिओसेवेसाठी जागा राखून ठेवली. १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झची पट्टी २३ चॅनेलांसह खुली झाली. आरंभी तिचे ग्राहक म्हणजे शेतकरी, सुतार, नळजोडणी करणारे, छोटे दुकानदार. ट्रकचालकांचा जमाना यायला अजून वेळ होता.

१३/
तो आला ऑक्टोबर १९७३ मध्ये. अरब तेलउत्पादक देशांनी निर्यात रोखली, पंपांवर रांगा लागल्या, आणि इंधन वाचवण्यासाठी अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लावली. ज्यांची कमाई खेपांवर अवलंबून होती ते चालक हवालदिल झाले. डिझेल कोणत्या पंपावर आहे, पुढे रस्ता बंद आहे का, पोलीस कुठे दबा धरून आहेत, हे सारे ते सीबीवर एकमेकांना सांगू लागले. ही यंत्रणा नियम चुकवण्यासाठीही वापरली गेली, हे लपवण्याचे कारण नाही.

१४/
पुढे १९ क्रमांकाचे चॅनेल महामार्गाचे झाले आणि ९ क्रमांकाचे संकटकाळचे. मागणी इतकी वाढली की १९७७ मध्ये चॅनेल २३ वरून ४० करावी लागली. लोक परवान्याचे अर्ज भरेनासे झाले, तेव्हा १९८३ मध्ये परवान्याची अटच काढून टाकण्यात आली. ब्रिटनमध्ये लोक आधी चोरून बोलत होते, तिथे नोव्हेंबर १९८१ मध्ये सीबी कायदेशीर झाला. सरकारने लोकांच्या वापरामागून चालत जाऊन कायदा बदलला. आपल्याकडे लोकांना वापराची सवय लागण्याची संधीच मिळाली नाही.

१५/
मग आपले ट्रकचालक इतकी दशके कसे बोलत होते? भोंग्याने आणि दिव्याने. गाडीच्या मागे रंगवलेले ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि ‘यूज डिपर अॅट नाइट’ म्हणजे त्या भाषेचे व्याकरणच. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर बंदी आणली, कारण विनाकारण भोंगे वाजतात. बंदी समजण्यासारखी आहे. फक्त एवढे ध्यानात घ्या की त्या माणसाकडे बोलण्याचे ते एकच साधन होते.

१६/
आणि ती भाषा किती तोकडी! पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकतो. त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतोय’ असा की ‘रस्ता मोकळा आहे, तू पुढे जा’ असा? आपल्या रस्त्यांवर दोन्ही अर्थ रूढ आहेत, आणि चुकीचा अर्थ लावणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. गाडी बंद पडली की क्लीनर खाली उतरतो, झाडाची फांदी तोडून आणतो आणि चार दगडांसह रस्त्यावर मांडतो. दिवसा ती दिसते. रात्री मागच्या चालकाच्या दिव्यांच्या पल्ल्यात येईपर्यंत ती नसल्यासारखीच. पुढे काम झाले की दगड तिथेच राहतात, आणि तेच नव्या अपघाताला आमंत्रण देतात.

१७/
लांबच्या निरोपांसाठी ढाबा होता. मालकाचा निरोप ढाबेवाल्याकडे ठेवलेला असे; पुढचा घाट बंद आहे, अमुक पुलावर पाणी आले आहे, ही बातमी समोरून आलेल्या चालकाकडून चहासोबत मिळे. पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ आली, मग खिशात मोबाइल आला. प्रत्येक टप्प्यावर मालक आणि चालक यांच्यातला संवाद सुधारला. चालक आणि चालक यांच्यातला संवाद मात्र भोंग्यापाशीच अडून राहिला. आज मालकाला नागपुरात बसून गाडी कुठे उभी आहे हे नकाशावर दिसते. मागून येणाऱ्या चालकाला ते दिसत नाही.

१८/
बिनतारी यंत्र हाती आल्यावर सामान्य माणूस त्याचे काय करतो, हे आपण पाहिलेले आहे. परीक्षा देऊन परवाना घेणारे हौशी रेडिओचालक, ज्यांना हॅम म्हणतात, आपल्याकडे बऱ्याच काळापासून आहेत. राजीव गांधींकडेही असा परवाना होता. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानमध्ये इतर संपर्क तुटला असताना या मंडळींनी निरोप पोहोचवले. संकटात उपयोगी पडण्याची वृत्ती होती, कौशल्य होते. आडवे येत होते ते परवान्याचे कुंपण.

१९/
अखेर २००५ मध्ये केंद्र सरकारने २७ मेगाहर्ट्झची नागरिक पट्टी परवान्यातून मुक्त केली. शक्तीची मर्यादा ५ वॅट. अट अशी की तुमच्यामुळे दुसऱ्या सेवेला अडथळा होता कामा नये, आणि तुम्हाला अडथळा झाला तर तक्रारीला जागा नाही. बातमी खरे तर मोठी होती. येरवड्यानंतर सहा दशकांनी सामान्य भारतीयाला परवान्याविना, परीक्षेविना, बिनतारी बोलण्याची मुभा मिळाली. कोणी ढोल वाजवले नाहीत. तोवर देशात मोबाइल येऊन दहा वर्षे झाली होती. तहान दुसऱ्याच पाण्याने भागल्यावर विहीर खुली झाली.

२०/
पण ती तहान खरोखर भागली का? १५ ऑक्टोबर २०२३ ची मध्यरात्र आठवा. समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि बारा जणांचा जीव गेला. रेडिओ असता तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. त्या अपघाताची कारणे अनेक होती. मी एवढेच विचारतो: ७०१ किलोमीटरच्या, नागपूरला मुंबईशी जोडणाऱ्या त्या अद्ययावत मार्गावर एखादा ट्रक अंधारात थांबला, तर त्याच्या चालकाने मागच्यांना ते कसे सांगावे? मदतक्रमांकावर फोन केला तर निरोप नियंत्रण कक्षात जातो. मागच्या गाडीत जात नाही.

२१/
साधा हिशेब करू. गाडीत बसवलेल्या सीबी संचाचा पल्ला भूभागानुसार बदलतो. डोंगर आला की घटतो, विदर्भाच्या सपाटीवर वाढतो. तूर्त पाचच किलोमीटर धरा. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या ट्रकला हे अंतर कापायला पावणेचार मिनिटे लागतात. दिव्याच्या झोतात अडथळा अवचित दिसला तर हाती काही सेकंद असतात. पावणेचार मिनिटे आणि काही सेकंद यांच्यातला फरक एका वाक्याचा आहे: ‘डाव्या लेनमध्ये गाडी बंद पडली आहे, सावकाश या.’

२२/
आता वाचकाच्या मूळ प्रश्नाकडे. समजा, ओळखीच्या दहा-वीस गाड्यांनी मिळून घ्यायचे ठरवले. तर पहिला नियम: पैसा पेटीवर कमी आणि अँटेनावर जास्त खर्च करा. शक्तीची कमाल मर्यादा स्वस्त संचालाही तीच आणि महागड्यालाही तीच. महाग संचात दिवे, पडदे, बटणे जास्त मिळतात, पल्ला त्या प्रमाणात वाढत नाही. पल्ला ठरतो अँटेना, तिची जागा आणि केबल यांवर. पेटीत एवढेच पाहा: आवाज स्पष्ट हवा, आणि कोणी बोलत नसतानाची खरखर दाबणारे स्क्वेल्चचे बटण नीट चालायला हवे. ते नसेल तर चालक दोन दिवसांत संच बंद करून टाकील.

२३/
अँटेना किती लांब हवी? २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपासची काठी, उत्तम काम देते. पण ट्रकच्या केबिनवर नऊ फुटांची काठी लावली तर रेल्वेफाटकावरच्या उंची-कमानीला ती अडकेल, आणि विजेच्या तारांचा धोका वेगळाच. म्हणून तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, देऊन आखूड केलेली मीटर-दीड मीटरची लवचीक काठी घेतात. काठी जितकी आखूड तितका पल्ला कमी, ही तडजोड समजूनच घ्यावी. हातभर लांबीच्या देखण्या अँटेनाच्या मोहात पडू नये.

२४/
आपल्या ट्रकांच्या दोन अडचणी अमेरिकी सल्ल्यांत सापडत नाहीत. एक, अमेरिकी ट्रकची वीजयंत्रणा १२ व्होल्टची, त्यामुळे बहुतेक संच १२ व्होल्टचे. आपले अवजड ट्रक २४ व्होल्टवर चालतात. मध्ये चांगला कन्व्हर्टर लावला नाही तर संच पहिल्याच दिवशी जळेल. दोन, अँटेनाला आपल्याखाली धातूचा विस्तृत पत्रा लागतो, तो तिचा अर्धा भागच समजा. आपल्याकडे लाकडी हौद्याच्या गाड्या आजही धावतात. काठी लाकडावर ठोकून चालणार नाही. ती केबिनच्या पत्र्यावर किंवा आरशाच्या लोखंडी दांड्यावर बसवावी, रंग खरवडून धातूला धातू भिडवावा.

२५/
बसवल्यावर एसडब्ल्यूआर मीटरने तपासणी करणे अत्यावश्यक. संचातून निघालेली शक्ती हवेत जाते की अँटेनावरून परत संचाकडे फिरते, हे तो मीटर सांगतो. आकडा दीडच्या आत असावा. तीनच्या वर गेला तर बोलूच नये, संच बिघडू शकतो. हा मीटर सर्वांत मिळून एकच घेतला तरी पुरतो. आणि काहीही विकत घेण्यापूर्वी नियमांतल्या अटी मुळातून वाचाव्यात: संचाच्या मान्यतेच्या, शक्तीच्या आणि कोणती अँटेना चालते त्याच्याही. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे हातातले वॉकीटॉकी बहुधा वेगळ्याच पट्टीतले असतात. त्यांतल्या अनेकांना परवाना लागतो आणि ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर कायद्यात चालत नाही.

२६/
आक्षेपांचा विचार करू. पहिला: चालकाचे लक्ष विचलित होईल. खरे आहे, आणि म्हणून शिस्त लागेल. मात्र दोन ओळींची सूचना देऊन माइक जागेवर टांगणे आणि अर्धा तास फोनवर बोलणे यांत अंतर आहे. दुसरा: शिवीगाळ, टवाळी, चुकीच्या बातम्या. हेही होईल, अमेरिकेतही झाले. मात्र व्हॉट्सॲपवर हे सारे होत असतानाही आपण फोनवर बंदी घातलेली नाही. तिसरा: भाषा अनेक. वर्धा रोडवर तमिळ, तेलुगू, पंजाबी, हरियाणवी चालक येतात. पण ढाब्यावर ते एकमेकांशी बोलतातच ना? रस्त्याची एक मोडकीतोडकी हिंदी कधीच तयार झाली आहे.

२७/
चौथा आक्षेप सर्वांत वजनदार: बाकीच्यांकडे संच नसेल तर माझ्या संचाचा उपयोग काय? काहीच नाही. म्हणूनच मी आरंभी म्हटले की एकट्याने घेऊ नका. बाजार हा प्रश्न सोडवू शकत नाही, कारण पहिला खरेदीदार नेहमी तोट्यात राहतो. इथे सार्वजनिक निर्णय लागतो. नागपूर प्लॅन हा असाच निर्णय होता. कोण्या एका बैलगाडीवाल्याने पैसे साठवून राष्ट्रीय महामार्ग बांधला नसता.

२८/
माझी सूचना छोटी आहे. एक मार्ग निवडा: नागपूर ते शिवनी हा पेंचच्या जंगलातून जाणारा पट्टा, किंवा समृद्धीचा नागपूरकडचा भाग. वाहतूकदार संघटना आणि महामार्गाची व्यवस्था पाहणारी यंत्रणा यांनी मिळून एक चॅनेल रस्त्यासाठी ठरवावे. गस्तीच्या गाड्यांत, क्रेनमध्ये, रुग्णवाहिकांत आणि नियमित फेऱ्यांच्या ट्रकांत संच बसवावेत. वर्षभराने हिशेब मांडावा. उपयोग झाला नाही तर बंद करावे. सीबीच हवा असाही माझा हट्ट नाही. उद्या गाड्या आपोआप एकमेकींना इशारा देऊ लागल्या तर उत्तमच. मात्र तशी सोय पंधरा-वीस वर्षे जुन्या ट्रकात केव्हा पोहोचेल, हे मनाशी विचारून पाहावे.

२९/
‘चालकासाठी एवढे कोण करतो?’ असे म्हणू नका. नव्या अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन १ ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीचे झाले. काही वर्षांपूर्वी ही कल्पना हसण्यावारी नेली गेली असती. चालकाचे शरीर तापते, थकते, हे कायद्याने मान्य केले. त्याला शेजाऱ्याशी बोलावेसे वाटते, बोलावे लागते, हेही मान्य व्हावे. आणि रस्ते वाहतूक खाते २०१४ पासून नागपूरच्याच खासदारांकडे आहे. मागणी पोहोचवायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

३०/
तेव्हा, त्या तरुण मित्रास उत्तर: दोन ट्रकांसाठी दोन संच घेऊन हैदराबादच्या वाटेवर खरखर ऐकत बसू नकोस. तेच पैसे आत्ता चांगल्या परावर्तक पट्ट्यांवर, धोक्याच्या त्रिकोणावर आणि मागच्या दिव्यांवर खर्च कर. त्यासोबत आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढ. वीस गाड्या तयार झाल्या की मला कळव. मग अँटेना कोणती, केबल किती फूट, कन्व्हर्टर कुठला, हे आपण बसून ठरवू.

३१/
डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात ज्यांनी रस्ते आखले त्यांचे काम बऱ्याच अंशी पुरे झाले आहे, त्यांच्या कल्पनेपलीकडे गेले आहे. त्याच महिन्यात येरवड्यात जी तरुणी बंदिस्त होती, तिचे काम महामार्गावर अजून अर्धेच आहे. बोलण्याची परवानगी कागदावर मिळाली. पलीकडून ‘ऐकू येतंय, सावकाश येतो’ असे उत्तर येईल तेव्हा ते पुरे होईल.

धागा समाप्त. आपल्या घरात कोणी ट्रक चालवला असेल, तर रात्रीच्या रस्त्यावर ते एकमेकांना काय आणि कसे सांगत, हे विचारून खाली अवश्य लिहा. हा इतिहास अजून कुठेही नीट नोंदलेला नाही. तो आपल्यालाच लिहून ठेवावा लागेल.